म्हसोबाचा कौल आणि योहानचा टॉवेल

मी मॅट्रिक चौथ्या खेपेला पास झालो, ही गोष्ट आमच्या गावात देवालाही लगेच पटली नाही.

माणसांना पटली नव्हती हे मी समजू शकतो. आधीच्या तीन खेपांना मी इंग्रजीत असा काही गचकलो होतो, की निकालाच्या दिवशी गावातली माणसं "काय झालं?" असं विचारायचीच नाहीत. नुसती "असू दे, असू दे" म्हणत पाठीवर हात ठेवून पुढं जायची. तिसऱ्या खेपेनंतर मात्र आईनं पदर खोचला, शिवारातल्या म्हसोबापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, माजा रंगा पास हू दे, तुला शिंगाचा बोकड देईन!" (आधी ती नुसता नारळ बोलत होती. देवालाही नारळाचा कंटाळा येतो, हे तिला उशिरा कळलं.)

आणि मी पास झालो! पण नेमका तेव्हाच दुष्काळ आला. गावची निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, तिथं बोकड कुठला आणि सोयऱ्यांना जेवण कुठलं? नवस राहिला तो राहिलाच. पुढं पाऊस पडला, मी नगरला दुधाच्या डेअरीत स्टोअरमध्ये चिकटलो, सावेडीला एक खोली घेतली (तेव्हा सावेडीत घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या) आणि घरचे माझ्यासाठी मुली बघायला लागले.

मुलगी मिळाली. शेजारच्या गावची, शालन नावाची. मी बघायला गेलो तेव्हा चहाचा कप पुढं करताना तिनं एकदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. झालं! कप हातात घेतला, पण त्यात चहा होता की दूध, ते मला आजही सांगता येणार नाही. तिचे वडील, तात्या, हे मिशांचे गृहस्थ. त्यांची एकच अट होती : जावई मॅट्रिक पाहिजे. मला चार खेपा लागल्या हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि आईच्या नवसाचंही त्यांना कळलं होतं.

"देवाचं देनं बाकी ठिऊन माजी पोरगी तुमच्या घरात न्हाई यायची," तात्या म्हणाले. "आधी बोकड द्या. आमी बी येतो. देवानं मानून घेतलं, की तितंच बसून सुपारी फोडू. न्हाई मानलं तर राम राम."

माघातला एक रविवार ठरला. माझं सगळं आयुष्य आता एका बोकडावर येऊन थांबलं होतं, पण मला त्याची काही काळजी वाटली नाही. बोकड दिला, की देव काय, मानणारच!

आता योहानबद्दल सांगतो. हा हॉलंडचा. डेअरीत नवं मशीन बसवायला त्याच्या कंपनीनं त्याला वर्षभरासाठी नगरला धाडलेला. सहा फूट उंच, केस वाळल्या कडब्याच्या रंगाचे आणि स्वभावानं गाईसारखा. एकटा जीव, परका मुलूख, भाषा येईना. रविवारी बिचारा करणार काय? स्टोअरमध्ये पाना-स्क्रू मागायला यायचा, तिथं एकटा मॅट्रिक मीच. म्हणून आमची दोस्ती जमली. त्याचं इंग्रजी यथातथा होतं आणि माझं तर देवाघरचंच होतं. त्यामुळं आमचं छान जुळायचं. दर रविवारी दोघं सायकलवर नगर बघायला निघायचो. भुईकोट किल्ला झाला, चांदबिबीचा महाल झाला, सगळी दर्गे-देवळं झाली. मी वाटाड्या! माझी माहिती अशी असायची : "धिस फोर्ट. व्हेरी ओल्ड. व्हेरी बिग. कम." त्यावर तो मान हलवून म्हणायचा, "येस. बिग." आणि आम्ही पुढं जायचो.

नगरमधलं बघण्यासारखं संपलं तेव्हा तो म्हणाला, "नेक्स्ट संडे?" आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. पुढचा रविवार बोकडाचा होता. आमच्या गावापासून जवळच, निघोजला, कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्यानं दगड कोरून केलेले, माणूस उभा बुडेल असे. शनिवारी ते दाखवावेत, रविवारी त्याला घेऊन म्हसोबाला जावं. जिवंत गोरा साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलताना तात्यांनी एकदा बघितला, की माझ्या मॅट्रिकबद्दल पुन्हा शंका काढायची कुणाची टाप आहे? एवढी अक्कल मला परीक्षेत सुचली असती तर तीन खेपा आणि एक बोकड वाचला असता!

शनिवारी डेअरी अर्धा दिवस. एसटीनं निघोज गाठलं, खळगे बघितले. योहान तिथं खडकावर पालथा पडला आणि एकेका खळग्यात डोकं घालून स्वतःच्याच आवाजाला साद घालत बसला. मी त्याचे पाय धरून बसलो. सूर्य बुडायच्या आत गावात पोचलो.

गाव हबकलं! आमच्या गल्लीत तोवर गोरा माणूस आलाच नव्हता. म्हाताऱ्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझे वडील, दादा, मुळात महिन्यातून चार वाक्यं बोलणारे. त्यांनी पुढं होऊन रीतीप्रमाणं योहानला नारळ दिला, डोक्यावर गांधी टोपी घातली आणि खांद्यावर नवा कोरा, लाल काठाचा, भलामोठा टॉवेल टाकला. योहानला वाटलं, इथं मुक्कामाला आलेल्याला आंघोळीचा टॉवेल देतात. (हा टॉवेल लक्षात ठेवा. माझ्या लग्नात पुढं ज्या भानगडी झाल्या, त्या सगळ्या ह्या टॉवेलनं केल्या.)

अंगणात बोकड बांधला होता. काळा कुळकुळीत, शिंगांना हिंगूळ लावलेला, गळ्यात घुंगरांचा पट्टा. योहाननं त्याला बघितलं आणि त्याचे डोळेच भरून आले. त्याच्या घरी हॉलंडला गाई-शेळ्या होत्या. घर सोडून किती महिने झाले होते! तो बोकडाच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि त्याच्या हनुवटीखाली खाजवायला लागला. बोकडानंही लगेच मान त्याच्या गुडघ्यावर टेकवली.

"गुड बॉय," योहान म्हणाला. "व्हाय बेल? व्हाय कलर?"

आता ह्याला नवस कसा सांगायचा? माझी मॅट्रिकची सगळी शिदोरी गोळा करून मी म्हणालो, "टुमॉरो, गॉड. देन, वी ईट."

"ओ! चर्च, देन डिनर." त्याचा चेहरा खुलला. "ही कम्स अल्सो?"

मी जरा विचार केला. "येस," मी म्हणालो. "ही कम्स अल्सो."

खोटं काय बोललो सांगा!

रविवारी सकाळी थंडी मी म्हणत होती. वारा असा, की कानाच्या पाळ्या जाग्यावर आहेत का ते चाचपून बघावं लागत होतं. हलगी वाजवत सगळे म्हसोबाला निघालो. बांधावर लिंबाचं झाड, त्याखाली शेंदूर फासलेला देव. पलीकडं चुली मांडलेल्या, मोठाले हंडे चढवलेले, बायकांनी पहाटे उठून वाटलेलं मसाल्याचं वाटण घमघमत होतं. पाच गावचे सोयरे मटणाच्या आशेनं येऊन बसलेले. तात्याही आले. बरोबर त्यांची बहीण होती. शालनची आत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सुपारी, साखरेचा पुडा आणि माझ्यासाठी फेटा. त्या पिशवीवरून माझी नजर हलेना.

आमच्या गावची रीत अशी : बोकड देवापुढं उभा करायचा आणि भगतानं त्याच्या अंगावर पाणी ओतायचं. ओलं झालं की जनावर थरथरून अंग झाडतं. झाडलं, की देव म्हणाला "दिलं ते घेतलं!" मग पुढचं काम आमच्या गावचे बाबूभाई मुलाणी करणार. पण झाडेपर्यंत कुणी बोटही लावायचं नाही. आणि पाणी पडलं, की लहानथोर सगळ्यांनी भुईला कपाळ टेकवून चांगभलं म्हणत राहायचं. देव जनावराशी बोलत असताना वर बघायचं नाही. बोकडाच्या गळ्यातली घुंगरं वाजली, की मगच उठायचं.

योहानला मी कॅमेरा देऊन बोकडाच्या मागं उभा केला होता. "यू फोटो," एवढंच सांगितलं होतं. बाकीची रीत इंग्रजीत सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

भगतानं तांब्या उचलला, भडाभडा ओतला आणि स्वतःही पालथा झाला.

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!"

सगळी माती हुंगत पडलो. चांगभलं, चांगभलं... कान घुंगरांकडं. घुंगरं वाजेनात. आमचं चांगभलं म्हणून म्हणून तोंड कोरडं पडलं, तरी वाजेनात. शेवटी भगत उठला, तसे एकेक करून सगळे उठले.

बोकड मजेत उभा होता. डोळे अर्धे मिटलेले. मागं योहान, खांद्यावर टॉवेल, तोंडभर हसू.

"न्हाई झाडलं!" भगत म्हणाला. त्यानं बोकडाच्या पाठीवरून लांबूनच नजर फिरवली आणि मागं सरकला. "आरं द्येवा! ह्येच्या अंगावर पानीच न्हाई की! आत्ता म्या वतलं न्हवं?"

"वतलं, वतलं! म्या बगितलं," दोघं-तिघं ओरडले.

"मग गेलं कुटं?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसऱ्यांदा मग भगतानं तांब्या ठेवला आणि कळशीच उचलली. पुन्हा सगळे पालथे, पुन्हा चांगभलं, पुन्हा घुंगरं गप्प. आणि उठून बघतो तर बोकड मघापेक्षा कोरडा! उलट त्याचे केस असे चमकत होते, की आत्ताच कुणी भांग पाडून दिलाय.

लोकांची आता बोबडीच वळली. "द्येवानं पानी पिलं!" एक म्हातारी किंचाळली. हलगीवाला हलगी टाकून लांब जाऊन उभा राहिला.

भगत आईकडं वळला. "काय चुकलंय का? आठवून सांगा."

आईनं हात जोडले. "द्येवा, बोकड मोटा बोलले हुते, जरा बारका आनलाय. पर शिंगं हायती रं बाबा!"

मग आमच्या चुलतीनं रडत सांगितलं, की तिनं मागं देवाला वाळका कोंबडा वाहिला होता. एका सोयऱ्यानं कबूल केलं, की तो येताना वाटेत पोटभर खाऊन आलाय. ज्याच्या-त्याच्या मनात काय काय दडलं होतं ते बाहेर यायला लागलं. भगतानं सगळ्यांना हातानं थांबवलं.

"नवस कशाचा हुता?"

"रंगा पास हुन्याचा," आई म्हणाली.

"मग..." भगत सावकाश माझ्याकडं वळला. "झालंय का ह्यो पास?"

जत्रेला जमलेल्या सगळ्या माणसांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. अरे, माझ्या पायाखालची माती सरकली! पास मी झालो होतो हो! खरंच झालो होतो! पण त्या नजरा बघून माझं मलाच वाटायला लागलं, की बाबा रे, नक्की झालो होतो ना?

"गुनाचा कागद पेटीत हाय," दादा म्हणाले. त्यांचं त्या महिन्यातलं हे पहिलं वाक्य.

"कागुद काय, सरकार देतंय," तात्यांनी मिशीवर हात फिरवला. "हितं द्येव न्हाई म्हनतोय न्हवं?" आणि त्यांनी मागं वळून बहिणीला नुसती खूण केली. आत्यांनी बाहेर काढलेला साखरेचा पुडा परत पिशवीत घातला.

मी तो पुडा पिशवीत जाताना बघितला आणि पुढं सरसावलो. "तात्या," मी म्हणालो, "इंग्रजी येतं मला! साहेब हाय की संगं! बोलून दावू का?"

"बोल बगू."

मी छाती पुढं काढली. "योहान! हाऊ आर यू?"

"आय ॲम गुड," योहान हसत म्हणाला आणि त्यानं बोकडाकडं बोट केलं. "बट ही इज कोल्ड. ऑल टाइम वॉटर, वॉटर! बॅड. आय ड्राय हिम."

"काय म्हनला?" तात्यांनी विचारलं.

बिचाऱ्यानं सगळं खरं-खरं सांगितलं होतं! सगळ्या गावादेखत, हातातला टॉवेल दाखवून! पण मॅट्रिकच्या आमच्या पुस्तकात बोकड पुसल्याचा एकही धडा नव्हता. मला त्यातलं फक्त 'कोल्ड' कळलं. मी ठणकावून सांगितलं, "साहेब म्हंतो, आमच्या मुलकात लई थंडी असती."

"बस? येवडं तर आमच्या एसटीचा कंडक्टर बी बोलतो. त्येला इचार, त्येंच्यात जवारीला पाऊस कवा लागतो."

जवारीला इंग्रजीत काय म्हणतात? पेरणीला? मी घाम पुसला. "योहान... युवर फादर... रेन... व्हेन?"

योहान गोंधळला. त्याचे वडील पावसात कशाला येतील? पण भला माणूस! त्यानं वडिलांबद्दल बरंच काही सांगितलं. हात वर करून, खाली करून, मधेच छातीला हात लावून. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हनला?"

"म्हनला, लागतो."

कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांनी पिशवीला गाठ मारली! कापडी पिशवीची ती गाठ मी अजून विसरलो नाही. शालनचा तो एकदाच वर आलेला चेहरा डोळ्यांपुढं आला. हा बोकड हालला नाही, तर सगळं संपलं होतं.

"आता शेवटचं," भगत म्हणाला. "तिसऱ्या बारीला बी न्हाई झाडलं, तर बोकड माघारी न्यायचा."

"तुमच्या तांब्या-कळशीनं काय हुतंय!" तात्या उठले. तापट माणूस! सकाळपासून उपाशी, समोर मसाल्याचा वास सुटलेला आणि बोकड हालेना. त्यांनी विहिरीवरून काढून ठेवलेली बादलीच उचलली. काठोकाठ भरलेली. "सरा! म्या वततो. बगू कसा झाडत न्हाई त्यो!"

"टेका डोकी!" भगत ओरडला. सगळे पालथे पडले. तात्या बादली धरून, डोळे मिटून देवाचं नाव पुटपुटत उभे राहिले.

मीही पडलो. पण माझं लक्ष लागेना. देवा, क्षमा कर, पण मी जरा मान तिरपी करून बघितलं.

अजून पाणी पडलंही नव्हतं आणि योहान बोकडाच्या जवळ आलेला. गुडघे टेकून, दादांनी दिलेला तो टॉवेल दोन्ही हातांनी पसरून, पाण्याची वाट बघत तयार! अगदी आई पोराला न्हाणीतून उचलायला उभी असते तसा. "ड्राय!" माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य मला त्या क्षणी, अर्थासकट समजलं!

काय करू? ओरडलो, तर सगळे बघणार. साहेबानं देवाच्या जनावराला हात लावला, नवस मोडला, आणि साहेबाला आणला कुणी? मी! तात्या बादली तिथंच टाकून घरी चालू लागणार. गप्प राहिलो, तर हा पुन्हा पुसणार. मी तसाच, हातापायांवर, सरपटत निघालो. बोकडापाशी पोचलो. एका हातानं टॉवेल ओढायला लागलो. योहान सोडेना! "नो, नो, रंगा, ही विल बी सिक!" तो कुजबुजला. बोकड घाबरून मागं सरला, म्हणून मी दुसऱ्या हातानं त्याच्या गळ्यातला पट्टा धरला. पट्टा सुटून माझ्या मुठीत आला. बोकड टुणकन टॉवेलखाली शिरला.

मग तात्यांनी मिटल्या डोळ्यांनीच "चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली आणि होती नव्हती ती सगळी बादली पुढ्यात ओतली.

माघातलं पाणी! विहिरीच्या तळातलं! ते माझ्या डोक्यावर पडलं, मानेतून सदऱ्यात शिरलं, पाठीवरून खाली गेलं आणि जिथं-जिथं जायला नको तिथं-तिथं गेलं. माझा श्वास अडकला. आणि मग, माझ्या हातात काही उरलं नाही हो! डोक्यापासून टाचेपर्यंत मी असा काही थरथरलो, असं काही अंग झाडलं, की पाण्याचे शिंतोडे म्हसोबाच्या शेंदरावर उडाले. मुठीतली घुंगरं खुळखुळखुळ वाजली.

"झाडलं!" सगळी जत्रा एका आवाजात ओरडली. "झाडलं! झाडलं! चांगभलं!" हलगी कडाडली. माणसं आनंदानं उठली.

आणि जागच्या जागी दगड झाली.

देवापुढं मी होतो. चार पायांवर. निथळत. हातात घुंगरं. शेजारी बोकड होता. सत्काराला आलेल्या पाहुण्यासारखा, अंगावर नवा टॉवेल पांघरून. हलगीवाल्याची काठी हवेतच राहिली. आई "आगं बया!" म्हणून मटकन खाली बसली. रिकामी बादली हातात धरून तात्या एकदा माझ्याकडं आणि एकदा बोकडाकडं बघत राहिले.

त्या शांततेत बाबूभाई मुलाणी सुरी घेऊन पुढं आले. इमानदार माणूस, आपलं काम बरं की आपण बरं. त्यांनी दोघांना नीट निरखलं आणि दादांना अदबीनं विचारलं, "दादा, आता मला सांगा, ह्यातला आडवा कुनाला करायचा?"

"कुनालाच न्हाई!" आई किंचाळली आणि उठून माझ्या गळ्यात पडली.

आता सगळे भगताकडं बघायला लागले. भगतानं डोकं खाजवलं. आकाशाकडं बघितलं. त्याच्या बापाच्या, आज्याच्या काळातही असा पेच पडला नव्हता. शेवटी घसा साफ करून तो म्हणाला, "रीत ती रीत. ज्यानं झाडलं, त्येला द्येवानं मागितलं. बोकड द्येवाला नको हाय. त्येला द्येवाच्या नावानं सोडून द्या."

"आन पोराचं?" आईनं विचारलं.

"पोरगं द्येवाचं झालं. द्येव त्येला सांभाळून घील. सुरी नगं."

योहानला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यानं बोकडाच्या अंगावरचा टॉवेल काढला, माझ्यापाशी आला, "नाऊ यू आर कोल्ड," म्हणाला आणि बोकडाचा वास मारणाऱ्या त्या टॉवेलनं सगळ्या सोयऱ्यांदेखत माझं डोकं खसाखसा पुसायला लागला. तेव्हा कुठं लोकांच्या डोक्यात उजेड पडला, की देवानं प्यायलेलं पाणी कुठं गेलं होतं. सगळ्या माना टॉवेलकडं वळल्या. मी डोळे मिटून घेतले. संपलं! आता तात्या निघाले!

पण एक खळखळून हसण्याचा आवाज आला. डोळे उघडून बघतो तर तात्या! मिशा हलतायत, पोट हलतंय, डोळ्यांतून पाणी गळतंय. हसू आवरल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली.

"आयला, ह्येला म्हंत्यात कौल!" ते म्हणाले. "सायबानं पुसू दे न्हाई तर कायबी करू दे. पानी वतलं म्या, माज्या हातानं. आन झाडलं जावयानं! द्येव दुसरं कसं सांगनार? बोकड नापास क्येला, पोरगं पास क्येलं. आक्का, सोड गाठ!"

आत्यांनी गाठ सोडली. मी ओल्या कपड्यांत, दात वाजवत, सुपारी फोडायला बसलो. फेटा ओल्या डोक्यावर बांधला, त्यामुळं मला आठवडाभर पडसं राहिलं.

पाच गावच्या सोयऱ्यांना मात्र हा कौल अजिबात पसंत पडला नाही. मटणाच्या वाटणात बायकांनी बटाटे सोडले. माणसं एकेक फोड चमच्यानं वर काढून बघायची आणि माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघायची, की मी बाबूभाईंपासून लांब, योहानच्या मागं जाऊन बसलो. योहान तीनदा रस्सा घेऊन जेवला. परतीच्या एसटीत तो मला म्हणाला, त्याला सोहळा फार आवडला. तुमच्याकडं लग्न ठरलं की सासरा जावयाला आंघोळ घालतो आणि साक्षीला बोकड असतो, हे तो आईला पत्रातून कळवणार होता. मी म्हणालो, "येस." त्याच्या मशीनचं काम संपून तो परत गेला, तेव्हा तो टॉवेल त्यानं आठवण म्हणून बरोबर नेला.

देवाच्या नावानं सोडलेला बोकड पुढं कितीतरी वर्षं जगला. कुणाच्याही हरभऱ्यात शिरायचा. देवाचा म्हणून त्याला कुणी हाकलत नसे. नुकसान झालं, की शेतकरी आमच्या दारात येऊन मला शिव्या द्यायचे, कारण त्यांच्या हिशेबानं तिथं मी चरायला पाहिजे होतो.

लग्नात तर कहर झाला. हळदीच्या न्हाणाला शालनच्या गावच्या बायका जमल्या. माझ्या डोक्यावर तांब्या ओतला आणि गाणी म्हणता म्हणता सगळ्या एकदम गप्प झाल्या. वाट बघत राहिल्या! मी दात-ओठ आवळून बसलो. जीव गेला तरी हालायचं नाही, असं ठरवलं होतं. पण पाणी थंडगार होतं हो! झाडलं अंग. "चांगभलं!" म्हणून त्या बायकांनी जो गलका केला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला, आणि आतल्या खोलीत नवरी हसून-हसून लोळली, असं मला नंतर कळलं.

तेव्हापासून आमच्या घरात माझा अधिकार ठरून गेला आहे. पोराची सोयरीक असो, शेताची वाटणी असो, नाहीतर नुसता घराला रंग द्यायचा असो, मी मत द्यायला तोंड उघडलं, की शालन हातातलं काम ठेवून म्हणते, "तुमी कशाला डोकं शिणवताय? आमी ठरवतो. तुमी आपलं शेवटी अंग झाडा!"

आणि मी झाडतो.